मानवशास्त्र आणि आपली पंगत

मानवशास्त्र म्हणजे दूरच्या अरण्यातील लोकांच्या चमत्कारिक चालीरीती टिपून घेणारे शास्त्र, असा समज आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांचा असतो. वास्तविक जेथे लग्ने ठरतात, पंगती बसतात, उधारी दिली जाते व देव पुजिले जातात, तो प्रत्येक समाज या शास्त्राचा विषय होय. आणि आपली पैठणची पेठ त्यास अपवाद नाही.

समाज जाणण्याचे मार्ग दोन. पहिला नोंदवहीचा. निजामाच्या राज्यातील जातीजमातींवरील सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ १९२० साली निघाला. त्यात एकेका जातीचे विवाह, धंदे व दैवते नोंदविली आहेत. असे ग्रंथ निरुपयोगी खचित नव्हेत. परंतु त्यात जात दिसते, माणूस क्वचितच दिसतो. दुसरा मार्ग मालिनोव्स्की या पंडिताने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियंड बेटांवर राहून नावारूपास आणिला. लोकांत वस्ती करावी, त्यांची भाषा शिकावी, ते बोलतात काय व करतात काय हे दोन्ही पाहावे, आणि आपल्या घरच्या मापाने त्यांस मोजण्याची घाई करू नये. यास सहभागी निरीक्षण म्हणतात.

परक्यांविषयी हे व्रत पाळणे एक वेळ सोपे, स्वजनांविषयी महाकठीण. डेक्कन कॉलेजातील विदुषी इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी ते पाळिले. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर त्या पंढरीच्या वाटेने चालल्या. त्यावरील त्यांचा 'वाटचाल' हा लेख १९६२ साली इंग्रजीतही प्रसिद्ध झाला. एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठा वारकरी भजन एकत्र करीत, परंतु मुक्कामावर त्यांच्या चुली व पंगती निराळ्या, हे त्यांनी पाहिले. त्या मराठा बायांबरोबर जेवल्या, तेव्हा त्या बाया मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, मनातले सांगू लागल्या. आम्ही पुण्यास तुमच्याकडे येऊ, असे काहींनी म्हटले. त्यावर एका तरुणीने विचारिले की, तेथेही आमच्याशी असेच वागाल काय? निरीक्षण करावयास गेलेल्या विदुषीचेच त्या क्षणी निरीक्षण झाले. नोंदवहीस हा प्रश्न कोणी विचारिला नसता.

रूढी समजून घेणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे. नाडी न पाहता औषध देणारा वैद्य जसा, तसाच पंगतीत न बसता पंगतीवर व्याख्यान देणारा सुधारक. नाथमहाराजांनी भारुडांत महार, गोंधळी, वासुदेव, जोशी अशा नाना लोकांच्या मुखाने बोलून दाखविले, आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी ते जेवल्याच्या कथा आपण भक्तीने ऐकतो. फाल्गुन वद्य षष्ठीस दिंड्या पैठणास येतात, अष्टमीस काला होतो. येत्या षष्ठीस प्रत्येक व्यापारी गृहस्थाने इतकेच पाहावे: आपल्या घरी रांधतो कोण, वाढतो कोण, शेवटी जेवतो कोण, कोणास आपण अहोजाहो म्हणतो व कोणास अरेतुरे, कोणास ओसरीवर बसवितो व कोणास पायरीखाली उभे ठेवितो. हे पाहण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाही.

आणि काला वाटून खाल्ल्यावर नवमीस दुकान उघडेल, तेव्हा त्या तरुणीचा प्रश्न आपल्या उंबऱ्याशी उभा असेल. त्याचे उत्तर कीर्तनात नव्हे, गल्ल्यावर बसून द्यावयाचे आहे.