समुद्राच्या देवीचं देऊळ, पण समुद्र कुठाय?

वर्गातल्या नकाशावर आशिया खंडाच्या दक्षिण टोकाला, विषुववृत्ताजवळ एक छोटे टिंब दिसेल. ते सिंगापूर. त्या गजबजलेल्या शहरात तेलोक आयेर नावाचा रस्ता आहे. पलीकडे उंचच उंच इमारती, समोरून मोटारी, आणि मध्येच एक जुने चिनी देऊळ. नाव थियान हॉक केंग, म्हणजे स्वर्गीय सुखाचा प्रासाद. देऊळ आहे समुद्राच्या देवीचे. पण दारात उभे राहून कितीही मान उंचावली तरी समुद्र काही दिसत नाही!

पूर्वी मात्र तो अगदी दारात होता. मलाय भाषेत तेलोक म्हणजे उपसागर आणि आयेर म्हणजे पाणी. १८१९ साली इंग्रजांनी सिंगापूरला व्यापाराचे ठाणे घातले आणि चीनच्या फुजियान प्रांतातले लोक पोटापाण्यासाठी तिकडे जाऊ लागले. जहाजे शिडाची. वारा मिळाला तर चालायची, वादळ उठले तर संपलेच. गेलेला माणूस पोचला की बुडाला, हे घरच्यांना कितीतरी दिवस कळायचे नाही. म्हणून पाय जमिनीला लागला, की पहिले काम म्हणजे किनाऱ्यावरच्या देवीपुढे उदबत्ती लावायची. मग पुढे कामाचा शोध.

त्या देवीला माझू म्हणतात. ती म्हणे मूळची फुजियानजवळच्या मेइझोउ बेटावरची, लिन घराण्यातली मुलगी. इसवी सन ९६० मध्ये जन्मली. वादळात सापडलेल्या आपल्या माणसांना तिने वाचवले, अशी कथा सांगतात. कोळ्यांची आणि खलाशांची ती आईच झाली.

आधी तेथे लहानसेच देऊळ होते. मोठे बांधले १८३९ ते १८४२ या काळात. दगड, लाकूड असे बरेचसे सामान चीनहून जहाजाने आणले, कारागीरही तिकडचेच. लाकडात लाकूड असे बसवले आहे की खिळा ठोकावा लागला नाही. (आपल्याकडचे जुने सुतार हे ऐकून नक्की खूश होतील.) छपरावर नक्षीचे ड्रॅगन आहेत. दाराशी दोन दगडी सिंह. नराच्या पंज्याखाली चेंडू, मादीच्या पंज्याखाली पिल्लू. ओळखायची खूण हीच.

आत जाताना उंबरठा चांगलाच उंच लागतो. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचे. आपली आजीही तेच सांगते, नाही का? उंबरठा ओलांडताना नजर आपोआप खाली जाते, मान लवते. आत माझूची मूर्ती आहे, तीही चीनहूनच आणलेली. १९०७ साली चीनच्या सम्राटाने देवळासाठी चार अक्षरे पाठवली. त्यांचा अर्थ असा, की दक्षिणेच्या समुद्रावर लाटा शांत असोत.

मग समुद्र गेला कुठे? जागा कमी पडू लागली, म्हणून १८८० च्या सुमारास किनाऱ्यावर भर टाकायला लागले. भर वाढत गेली, पाणी मागे मागे सरकले. त्यावर रस्ते झाले, कचेऱ्या झाल्या. १९७३ साली सरकारने देवळाला राष्ट्रीय स्मारक ठरवले, त्यामुळे ते पाडायची भीती उरली नाही.

याच रस्त्यावर नागूर दर्गा आहे. तामिळनाडूतल्या नागूरच्या पीराच्या नावाने तो १८२८ ते १८३० मध्ये बांधला गेला. बांधणारे तामिळ मुसलमान. तेही जहाजानेच आले होते, आणि त्या वेळी त्याच्याही पुढ्यात पाणीच होते.