अखेरचे दोनशे मीटर

शाळेच्या क्रीडामहोत्सवात शंभर मीटरची शर्यत जिंकणारा एखादा विद्यार्थी तुम्ही पाहिला असेल. शिट्टी वाजते न वाजते तोच तो बाणासारखा सुटतो आणि पाहता पाहता सर्वांच्या पुढे जातो. आता अशी कल्पना करा, की शिक्षकांनी त्याला सांगितले, "तुझी शर्यत उद्या आहे, परंतु आज तुला समोरचा गड चढून उतरावयाचा आहे, आणि तोही ठराविक वेळात. वेळ चुकली, तर उद्या तुला धावता येणार नाही." बिचारा विद्यार्थी गोंधळूनच जाईल! परंतु युरोपातील मोठ्या सायकलशर्यतींत काही स्वारांना नेमकी हीच अट पाळावी लागते. त्या वेगवान स्वारांना 'स्प्रिंटर' असे म्हणतात.

या शर्यतींमध्ये 'टूर द फ्रान्स' ही सर्वांत प्रसिद्ध होय. ती १९०३ मध्ये सुरू झाली. आज ती एकवीस टप्प्यांची असून सुमारे तीन आठवडे चालते व स्वारांना जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर अंतर तोडावे लागते. काही टप्पे सपाट प्रदेशातून जातात, तर काही आल्प्स आणि पिरेनीज या पर्वतांतून. सर्व टप्पे मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो, तो शर्यतीचा विजेता. हा मान स्प्रिंटरच्या वाट्याला सहसा येत नाही. त्याची आशा असते ती सपाट टप्प्यांवर. तेथे एकेका दिवसाचा विजय त्याला मिळविता येतो.

वाऱ्याविरुद्ध सायकल चालविताना किती दम लागतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. वेग वाढला, की समोरच्या हवेचा अडथळाही झपाट्याने वाढतो. दुसऱ्या स्वाराच्या पाठीमागे राहिल्यास हा अडथळा पुष्कळ कमी होतो. म्हणूनच स्प्रिंटरचे सोबती त्याच्यापुढे ओळीने सायकली हाकतात व त्याच्यासाठी हवा कापतात. शेवट जवळ आला, की आपली शक्ती संपवून एकेक सोबती बाजूला होतो. अखेरचे सुमारे दोनशे मीटर उरले, की स्प्रिंटर एकटा पुढे झेपावतो. तासाला पासष्ट-सत्तर किलोमीटर वेगाने दहा-बारा सेकंदांत सारा निकाल लागतो. विजयाची माळ एकाच्या गळ्यात पडते. पण तिच्यात अनेकांचा घाम गुंफलेला असतो.

डोंगरावर मात्र चित्र पालटते. चढावर वेग कमी असल्यामुळे पुढच्या स्वाराचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. तेथे प्रत्येकाला आपल्या देहाचे ओझे वर न्यावे लागते. सडपातळ स्वार भराभर पुढे जातात. भरदार स्नायूंचा स्प्रिंटर मागे पडतो. त्यातच वेळेची मर्यादा असते. समजा, विजेत्याला पाच तास लागले आणि त्या टप्प्याची मर्यादा शेकडा पंधरा ठरली, तर त्याच्यानंतर पंचेचाळीस मिनिटांच्या आत पोहोचलेच पाहिजे. उशीर झाला, तर स्वार बहुधा शर्यतीतून बाद होतो.

यासाठी मागे पडलेले स्वार एक जथा करतात. त्याला इटालियन भाषेत 'ग्रुपेट्टो', म्हणजे लहान गट, असे नाव आहे. सपाटीवर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असणारे स्वार येथे एकमेकांना सांभाळून घेतात. चढ एका लयीत चढावयाचा, उतारावर व दरीतल्या रस्त्यावर वेळ भरून काढावयाचा आणि घड्याळावर नजर ठेवावयाची, हा त्यांचा नियम.

या साऱ्या धडपडीचे उत्तम उदाहरण म्हणजे मार्क कॅव्हेंडिश. १९८५ मध्ये आयल ऑफ मॅन या बेटावर त्याचा जन्म झाला. टूर द फ्रान्समधील पहिला टप्पा त्याने २००८ मध्ये जिंकला आणि २०१६ पर्यंत त्याच्या नावावर तीस विजय जमा झाले. बेल्जियमच्या एडी मर्क्स या थोर स्वाराचा चौतीस विजयांचा विक्रम आता हाताशी आला, असे वाटू लागले. परंतु पुढे आजारपण आणि अपघात यांनी त्याला गाठले. २०१८ मध्ये आल्प्समधील ला रोझिएर येथे तो विजेत्यानंतर तासाहून अधिक वेळाने पोहोचला आणि बाद झाला. पुढील दोन वर्षे त्याला या शर्यतीत स्थानच मिळाले नाही.

२०२१ मध्ये संघातील एक स्प्रिंटर जायबंदी झाल्यामुळे त्याला ऐनवेळी बोलावणे आले. त्या वर्षी त्याने चार टप्पे जिंकून मर्क्सची बरोबरी केली. पुढे २०२३ मध्ये शर्यत चालू असतानाच तो पडला व त्याचे खांद्याजवळील हाड मोडले. ते वर्ष आपले शेवटचे, असे त्याने आधीच जाहीर केले होते. पण त्याने निर्णय बदलला.

२०२४ च्या पहिल्याच टप्प्यावर, इटलीतील कडक उन्हात, त्याला उलट्या होऊ लागल्या. त्याचे काही सोबती त्याच्यासाठी मागे थांबले व त्यांनी त्याला मर्यादेच्या आत पोहोचविले. चौथ्या दिवशी २,६४२ मीटर उंचीची गालिबिए खिंड ओलांडावयाची होती. तीही त्याने वेळेत पार केली. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलै रोजी, सां-व्हुल्बास येथे शर्यतीचा शेवट सपाट रस्त्यावर होता. गर्दीतून वाट काढीत, एका स्वाराच्या मागून दुसऱ्याच्या मागे जात, एकोणचाळीस वर्षांच्या कॅव्हेंडिशने अखेरची झेप घेतली आणि पस्तिसावा विजय मिळविला! मर्क्सचा विक्रम मागे पडला.

त्या वर्षी संपूर्ण शर्यतीच्या क्रमवारीत मात्र तो अगदी शेवटच्या स्वारांमध्ये होता. पण त्यात उणेपणा कोणता? गालिबिएवर तो वेळेत पोहोचला नसता, तर सां-व्हुल्बासचा रस्ता त्याला दिसलाच नसता. त्या दहा-बारा सेकंदांचे कौतुक साऱ्या जगाने केले. आदल्या दिवशी खिंडीच्या चढावर, पुढच्यांपासून कितीतरी मागे, तो घड्याळाशी झुंजत होता, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल.