गार सूप म्हणजे गार झालेलं सूप नव्हे

व्हिशिस्वाझ हे नाव मेन्यूकार्डावर दिसलं की फ्रान्समधल्या एखाद्या जुन्या घराण्याचं सूप असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बटाटा, लीक आणि क्रीमचं हे गारेगार पांढरं सूप न्यूयॉर्कचं. तिथल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलचे शेफ लुई दिया यांनी १९१७ च्या उन्हाळ्यात ते पाहुण्यांपुढे ठेवलं. दिया मात्र फ्रेंच. लहानपणी घरच्या गरम बटाटा-लीक सूपात उन्हाळ्यात गार दूध ओतून आपण भावंडं ते प्यायचो, ही आठवण त्यांनीच सांगितली होती. त्यांच्या गावाजवळचं शहर व्हिशी, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी करणारं फ्रेंच सरकार व्हिशीत बसलं, तेव्हा अमेरिकेतल्या काही शेफनी सूपाचं नव्याने बारसं करायचा घाट घातला. नवं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. गरम सूप करा, फ्रिजमध्ये ठेवा, झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण गारव्यात चव दबते. वितळलेलं आइस्क्रीम कसं गोडमिट्ट लागतं, तसंच हे उलट्या बाजूने. म्हणून मीठ पुरेसं आहे की नाही, ते सूप पूर्ण गार झाल्यावर चाखून ठरवावं. लोणीही बेतानेच. गरम सूपात ते छान मिसळतं, थंडीत गोठून टाळूला चिकटतं.

दाटपणा क्रीममुळे येतो, हा आणखी एक समज. दाटपणा बटाट्याच्या स्टार्चचा. क्रीम देतं तो मऊपणा. सूप गार होताना स्टार्च आणखी आवळतो, त्यामुळे गरम असताना ‘जरा पातळच झालं’ वाटणारं सूप दुसऱ्या दिवशी बरोबर उतरतं. मिक्सर फार वेळ फिरवला तर बटाट्याची खळ होते. थोडा वेळ फिरवून बारीक चाळणीतून गाळणं बरं. आणि लीक उभं चिरून पाकळी न् पाकळी धुवायची. मधल्या थरांत माती दडून असते, दाताखाली आली की सगळ्यावर पाणी.

गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणून रात्रभर ओट्यावर निववायचं, ही सवय दूध-बटाट्याच्या पदार्थाला धोक्याची. भांडं बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळावं, मग लगेच फ्रिज. सूपातच बर्फ टाकला तर ते पाणचट होतं. डबाबंद आहे म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका जोडप्याने डब्यातलं व्हिशिस्वाझ खाल्लं. डबा भरताना पुरेशी उष्णता दिली गेली नव्हती आणि आत बोट्युलिझमचं विष तयार झालं होतं. पती दगावला, पत्नीला लकवा झाला. हे विष उकळल्यावर निकामी होतं. पण हे सूप गारच खायचं, त्यामुळे उकळण्याची वेळच आली नाही.

राहता राहिली हिरवाई. सूपाला पानांची चव हवी तर पानं त्यातच शिजवावीत, असं वाटणं साहजिक आहे, पण त्यात रंग आणि वास दोन्ही जातात. शिजताना पानांतलं आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकावतं आणि हिरव्याचं मातकट शेवाळी होतं. दियांच्या सूपात लीकचा फक्त पांढरा भाग असतो. हिरवं सूपच हवं असेल तर पार्सली किंवा वॉटरक्रेस खळखळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, घट्ट पिळायची आणि सूप गार झाल्यावर त्यात वाटायची.

सूपावर पेरायच्या चाइव्ह्जला मात्र आच दाखवूच नये. त्यांचा कांद्यासारखा वास उडून जाणारा, आणि गार सूपाला स्वतःचा वास जवळपास नसतोच. तेवढी बाजू वरची ही हिरवी पेरणीच सांभाळते. धारदार सुरीने, वाढायच्या क्षणी चिरायच्या. बोथट सुरीने त्या चेंगरतात, ओलसर आणि उग्र होतात. चाइव्ह्ज आपल्याकडे सहज मिळत नाहीत. कांद्याच्या पातीची कोवळी टोकं चालतात, फक्त ती तिखट असल्यामुळे हात आखडता ठेवायचा. सवयीने कोथिंबीर मात्र भुरभुरू नये. बिचाऱ्या लीकची चव मग शोधूनही सापडत नाही.