मुलांचा मोबाइल सुटेना? आधी आई-बाबांचा फोन बाजूला! ‘भोंगा’ पॅटर्न काय सांगतो?

सायंकाळचे सात वाजतात. गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजतो. घरोघरी टीव्ही बंद होतात, मोबाइल बाजूला ठेवले जातात. मुलं पुस्तकं उघडतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो, तोवर हा नियम लागू.

हे सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ मध्ये सुरू झालेला हा दीड तासाचा प्रयोग देशभर गाजला. पण भोंग्यापेक्षा महत्त्वाची आहे त्यामागची कल्पना. ती कोणत्याही घरात वापरता येते.

नेमकं काय ठरलं?

कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती फोन आला. शाळा सुरू झाल्या, फोन मात्र हातातच राहिला. त्यावर उपाय म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांच्या सभेत या भोंग्याचा निर्णय झाला. सुरुवातीला काहींनी चेष्टा केली. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. खरी मेख इथे आहे: नियम फक्त मुलांना नव्हता, मोठ्यांनाही होता.

किती स्क्रीन योग्य?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची (आयएपी) शिफारस अशी:
• २ वर्षांपर्यंत : स्क्रीन नकोच (नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालतो)
• २ ते ५ वर्षे : जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या सोबतीनं
• ५ ते १० वर्षे : २ तासांपेक्षा कमी

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी किमान ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. त्यामुळे फोन काढून घेतला आणि मूल सोफ्यावरच बसून राहिलं, तर अर्धंच काम झालं. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लवकर चष्मा लागण्याचा धोकाही कमी होतो.

मूल फोन का सोडत नाही?

दोष फक्त मुलाचा नाही. पुस्तकाचं पान संपतं, कार्टूनचा भाग संपतो. रील्स संपतच नाहीत. एक झाली की दुसरी हजर आणि पुढची कशी असेल, हे माहीत नसतं. ती उत्सुकताच बोट हलवत ठेवते. ‘थांब’ असं सांगणारी खूणच या रचनेत नाही. मोठ्यांनाही जिथे थांबता येत नाही, तिथे सात वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवणार? ही खूण घरानं द्यायची असते. वडगावात ती भोंगा देतो.

घरच्या घरी ‘भोंगा’ कसा?

१. वेळ सगळ्यांची एकच : रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करा. आजी-आजोबांची मालिकाही त्या वेळेत बंद. ऑफिसचा फोन येणार असेल तर रिंग मोठी ठेवा, फोन मात्र दुसऱ्या खोलीत.

२. जेवताना स्क्रीन नको : चार घास कमी गेले तरी चालतील. फोन दाखवून भरवलं की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही.

३. रिकाम्या वेळेत काहीतरी द्या : शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, खाली लगोरी किंवा डबा ऐसपैस. ‘कंटाळा आला’ असं मूल म्हणालं तर घाबरू नका, खेळ तिथूनच सुचतो.

४. सेटिंगची मदत घ्या : यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा. अँड्रॉइडवर ‘फॅमिली लिंक’, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ वापरून वेळमर्यादा लावा. पण ती मुलाला सांगून लावा, चोरून नको.

५. रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला : उठवायला साधं गजराचं घड्याळ आणा.

पहिले काही दिवस रडारड होईल. अशा वेळी आई ‘नाही’ म्हणाली आणि आजोबांनी हळूच फोन दिला, तर मूल एवढंच शिकतं की रडलं की फोन मिळतो. म्हणून नियम ठरवताना घरातले सगळे एकत्र बसा, मुलालाही बसवा. आणि तुम्ही नियम मोडलात तर तुम्हाला टोकायचा हक्क त्याला द्या.