इबट्सन, ईव्हा
इबट्सन, ईव्हा : (२१ जानेवारी १९२५ – २० ऑक्टोबर २०१०). ब्रिटिश बालकादंबरीकर्त्री. जन्म व्हिएन्ना येथे, ज्यू कुटुंबात. आई आना ग्माइनर ही लेखिका, तर वडील शरीरक्रियावैज्ञानिक. आईवडील विभक्त झाले आणि पुढे नाझी राजवटीमुळे बालपणीच तिला इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. आपले हक्काचे घर कोणते, हा प्रश्न तिच्या बालकादंबऱ्यांच्या मुळाशी आहे; मात्र त्याची मांडणी तिने विनोद व अद्‌भुतरम्यता यांच्या आधारे केली.

द ग्रेट घोस्ट रेस्क्यू (१९७५) या पहिल्या बालकादंबरीतील बेघर भुते एका शाळकरी मुलाच्या मदतीने पंतप्रधानांकडे चक्क अभयारण्य मागतात. निर्वासितांची व्यथाच येथे हास्यरूप घेते. जर्नी टू द रिव्हर सी (२००१) मधील अनाथ माया हिला ॲमेझॉनकाठच्या नातलगांकडे न मिळालेला जिव्हाळा तिच्या शिक्षिकेकडून लाभतो. या कादंबरीस स्मार्टीज पारितोषिकाचे सुवर्णपदक मिळाले. द स्टार ऑफ कझान (२००४) मधील अनिका आई म्हणून पुढे आलेल्या उमराव स्त्रीपेक्षा आपल्याला वाढविणाऱ्या स्वयंपाकिणीलाच अखेर आपली मानते. रक्ताच्या नात्याहून मायेचे नाते श्रेष्ठ, हे सूत्र या कादंबऱ्यांतून उपदेशाविना प्रकट होते. न्यूकॅसल येथे तिचे निधन झाले.