जपलेलं वाचताही यावं
खोक्यात सगळ्यात वर पत्रकं असतात, सायक्लोस्टाइलची, कडा पिवळ्या पडलेली. त्यांच्याखाली सभांची इतिवृत्तं आणि कात्रणं. तळाशी हाताने आखलेला एखादा तक्ता निघतो: सकाळी कोण उठवणार, आंघोळ कोण घालणार, रात्री अंथरुणावर कोण निजवणार. मदतनिसांचं आठवड्याचं वेळापत्रक.

कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी अपंग हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांचे कागद लावते. नव्याने आलेले सहकारी असा तक्ता ‘किरकोळ’मध्ये टाकू बघतात. मी तो काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, कारण चळवळीचं मूळ तिथेच आहे. एड रॉबर्ट्स 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात आले. पोलिओमुळे त्यांना रात्री ‘आयर्न लंग’ या अवजड श्वासयंत्रात झोपावं लागे. वसतिगृहात त्याची सोय होईना, म्हणून त्यांना विद्यापीठाच्या कॉवेल हॉस्पिटलात खोली मिळाली. पुढे तिथे आणखी अपंग विद्यार्थी राहायला आले. आपला मदतनीस आपणच नेमायचा, आपला दिवस आपणच आखायचा, हा आग्रह त्यांच्यात मुरला आणि 1972 मध्ये त्यातून ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं. राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्स यांना आधी नोकरीला अपात्र ठरवलं होतं, त्याचेच ते 1975 मध्ये प्रमुख झाले. भाषणांच्या फायलींपेक्षा हे सगळं त्या तक्त्यातून जास्त कळतं.

पहिलं काम गंजलेल्या यू-पिना काढायचं. ओढली की कागद फाटतो, म्हणून पातळ पट्टी खाली सरकवून पिनेचं टोक हळूहळू उचलायचं. मग ॲसिड-फ्री फोल्डर, पेन्सिलीने क्रमांक आणि सूचीत नोंद. तक्त्यावर मदतनिसांची नावं, फोन, कधी कुणाच्या दुखण्याचा तपशील असतो. ती पानं ठरावीक वर्षं बंद ठेवायची. इतिहास हवा म्हणून कुणाचं खासगी आयुष्य उघड्यावर मांडायचं नाही.

फोटोंना वेळ लागतो. 1977 च्या आंदोलनाचेच घ्या. अमेरिकेच्या 1973 च्या पुनर्वसन कायद्यातलं कलम 504 केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई करतं. पण त्याचे नियम चार वर्षं रखडले. 5 एप्रिल 1977 ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत आंदोलक घुसले, शंभराहून जास्त जण आतच राहिले. जुडी ह्यूमन आणि किटी कोन या अपंग कार्यकर्त्या पुढे होत्या. फोन तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप दिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक गरम जेवण पोचवत होते. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. या आंदोलनाच्या फोटोखाली नुसतं ‘अपंग आंदोलक’ लिहिलं की अंध वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. खिडकीशी कोण आहे, हात कुठे आहेत, खाली रस्त्यावरून कोण बघतं आहे, हे सगळं लिहावं लागतं. दिसतं तेवढंच लिहायचं, तर्क करायचा नाही.

सर्वांत अवघड कॅसेटी. बोलणारी व्यक्ती व्हेंटिलेटरवर असली की वाक्य यंत्राच्या श्वासावर तुटतं. आवाजाचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर इथे हात टेकतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाचं बोलणं तर ते भलतंच लिहितं. मग त्या बोलण्याची सवय असलेली जवळची व्यक्ती शेजारी बसते, आम्ही तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकतो. उतारा तयार झाला की मुलाखत देणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याकडे तपासायला जातो. बर्कलीच्या बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालयाने या चळवळीच्या शंभराहून अधिक मुलाखती अशा जमवल्या आणि सगळ्यांना खुल्या केल्या. हे काम वेळेवर झालं म्हणून बरं. रॉबर्ट्स 1995 मध्ये गेले, ह्यूमन 2023 मध्ये.

माझं ठाम मत आहे की स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता न येणारा स्कॅन म्हणजे अर्धंच जतन. ज्यांचा इतिहास, त्यांनाच तो बंद.

आपल्याकडे नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिलं म्हणून अपंगांसाठीचा कोल्हापुरातला त्यांचा लढा आपल्याला वाचायला मिळतो. ज्यांनी लिहिलं नाही त्यांची निवेदनं, पावत्या, सभांच्या वह्या घरोघरी ट्रंकांत पडून असतील. तुमच्याकडे असतील तर रद्दीत देऊ नका, जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला विचारा. आणि देण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्या: वाचनालयात व्हीलचेअर जाते का, आणि स्कॅन अंध वाचकाला ऐकता येईल का.