मऊ चप्पल, पण किती मऊ?

सकाळी उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते. चार पावले चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभर ओट्यापाशी उभे राहिले की संध्याकाळी तळपाय पुन्हा ठणकू लागतात. टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पडद्यावर ताण आल्याने बरेचदा असे होते. कडक फरशीवर अनवाणी वावरल्याने दुखणे वाढते.

मग दुकानातली सर्वात गुबगुबीत स्लिपर उचलली जाते आणि इथेच फसगत होते! अंगठ्याने दाबून पाहा. तळ पार खालपर्यंत दबत असेल, तर तो लवकरच चपटा होणार. दाब काढताच वर येणारा तळ घ्या. वाकवल्यावर चप्पल बोटांपाशी वाकावी, मधोमध घडी पडू नये. टाचेला खोलगट बैठक हवी. पट्टा सैल असला, तर चप्पल धरून ठेवण्यातच बोटे शिणतात. खरेदी शक्यतो संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना करा.

मधुमेह असलेल्यांनी मात्र अंगठ्याची चप्पल टाळावी. पाय बधिर असल्यास पट्ट्याने झालेली जखम कळतही नाही. त्यांना मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल बरी. रंगांची हौस तिथे फारशी भागत नाही, एवढेच.